आधी विचारा, मग थांबवा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावात महिना लागला की माझ्या दुकानाच्या ओट्यावर एकच प्रश्न येतो. "ताई, पगार उना का वं?" पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे. सरकारी कागदात त्याला अनुदान म्हणतात, आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात. मला तो शब्द योग्य वाटतो. पगार येणार या भरवशावर माणूस किराणावाल्याला शब्द देतो, औषधाची चिठ्ठी पुढच्या आठवड्यावर ढकलतो. तो भरवसा तुटला की काय होतं, तेच आज तुम्हाला सांगायला बसले आहे.

मी चोपडा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबडी, आणि घराच्या पुढच्या खोलीत फॉल-पिकोचं, ब्लाऊज शिवायचं दुकान. मशीनला मोटर बसवली आहे, उजव्या पायाने चालवते. आता वय 44 आहे. आईवडील गेले, भाऊ-वहिनींच्या घरात माझी खोली आहे आणि माझा खर्च मी करते.

हा खर्च लोकांना दिसत नाही, म्हणून थोडा उघडून सांगते. माझा डावा बूट दीड इंच उंच करून घ्यावा लागतो. ते काम गावात होत नाही, चोपड्यातही नीट होत नाही, त्यासाठी जळगाव गाठावं लागतं. एसटीत आम्हाला भाड्यात 75 टक्के सवलत आहे आणि तिचा मोठा आधार आहे. पण एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. वर चढवायला, खाली उतरवायला भाच्याला सोबत न्यावं लागतं, म्हणजे त्याचा केळी कापणीचा एक रोज बुडतो. जळगावला स्टँडवर उतरलं की शेअर रिक्षावाला कुबडी बघून पुढे निघून जातो, मग अख्खी रिक्षा करायची. बुटाची मजुरी राहते बाजूला, जाण्यायेण्यातच त्याच्या दुप्पट पैसे जातात. चालत्या माणसाला चपलेचा जोड आठवडी बाजारात मिळतो.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, हे खान्देशातल्या श्रोत्यांना काय सांगायचं! कॅलिपरची लोखंडी पट्टी उन्हात तापते. गुडघ्याखालचा चामड्याचा पट्टा घामाने भिजतो, वाळतो, कडक होतो आणि त्याच्या कडेने कातडी सोलते. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून ठेवते आणि दिवसातून तीनदा बदलून पट्ट्याखाली गुंडाळते. तरी जखम होतेच. जखम झाली की चार दिवस कॅलिपर घालता येत नाही, म्हणजे चार दिवस दुकान बंद. कुबडीमुळे खांदाही आता दुखतो. पोलिओ झालेल्यांचे स्नायू चाळिशी-पन्नाशीत पुन्हा कमजोर होतात असं डॉक्टर सांगतात, ते मी सध्या अनुभवते आहे.

तर पगार या खर्चासाठी लागतो. कोणी आमच्यावर दया म्हणून चार पैसे टाकावेत, असा हा विषयच नाही.

या पैशांचा हिशोब बघा. ही रक्कम बरीच वर्षं महिन्याला 600 होती. 2019 मध्ये 1000 झाली, 2023 मध्ये 1500. ऑक्टोबर 2025 पासून आम्हा दिव्यांगांना 2500 रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्याआधी जून महिन्यात बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं होतं, त्यात शेतकरी कर्जमाफीसोबत दिव्यांगांना 6000 रुपये द्या ही मागणी होती. 2500 झाले याचं मी मनापासून स्वागत करते. एक हजार रुपयांची वाढ मोठी असते, निदान माझ्या घरात तरी.

केंद्राच्या वाट्याचं मात्र वाईट वाटतं. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना 2009 ची. तेव्हा 200 रुपये होते, 2012 मध्ये 300 झाले, आणि अजूनही 300 च आहेत. तेही दारिद्र्यरेषेखालच्या, 80 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या माणसालाच. म्हातारे, विधवा, दिव्यांग या सगळ्यांच्या पेन्शनचा जो केंद्राचा सामाजिक सहाय्य कार्यक्रम आहे, त्याची तरतूद 2024-25 मध्ये 9,652 कोटी होती आणि 2025-26 मध्येही 9,652 कोटीच ठेवली. तूरडाळ आणि गॅस त्या वर्षात जागेवर थांबले नाहीत.

कायद्यात काय लिहिलंय, तेही ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा. त्यातलं 24 वं कलम सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जेवढी मदत मिळते, त्यापेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के जास्त मिळाली पाहिजे. म्हणजे याच योजनेत विधवा बहिणीला 1500 मिळत होते तेव्हा आम्हाला निदान 1875 मिळायला हवे होते. मिळत होते 1500. माझ्या विधवा मैत्रिणीचे कमी करा असं मी म्हणत नाही, तिलाही ते पुरत नाहीत. पण कायदा होऊन इतकी वर्षं झाली आणि हे कलम गावात कुणाला माहीतही नव्हतं. मलाही नव्हतं.

आता सुधारणांकडे येते. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले. मधली माणसं गेली, हे फार चांगलं झालं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आलं. 2024 च्या नियमांनी त्याला रंग दिले. 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 79 ला पिवळं, 80 पासून पुढे निळं. माझं पिवळं आहे. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आल्यावर राज्यात पडताळणी सुरू झाली, आणि ती व्हायलाच हवी. खोटा दाखला काढून सवलत घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तो माणूस आमच्याच ताटातला घास खातो. त्याला पकडा, आम्ही तुमच्यासोबत आहोत.

पण पडताळणीचा भार कुणाच्या अंगावर पडतो? माझंच सांगते. एके महिन्यात माझा पगार आला नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. दुसऱ्या महिन्यात बँकेत गेले, त्यांनी सांगितलं तहसीलला जा. तहसीलला सांगितलं आधार अपडेट करा. आधारच्या मशीनवर बोट ठेवलं तर ठसा उमटेना. उजव्या हाताचा, डाव्या हाताचा, पुसून, ओला करून, पुन्हा पुसून. कुबडीची मूठ चाळीस वर्षं धरून आणि सुई-कात्रीच्या कामाने माझ्या बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. मशीनवरचा मुलगा भला होता, पण त्याच्याकडे डोळ्याचं मशीन त्या दिवशी बंद होतं. "ताई, सोमवारी या." सोमवार म्हणजे पुन्हा भाचा, पुन्हा त्याचा रोज. असे पाच हेलपाटे झाले. चौथ्या महिन्यानंतर पैसे सुरू झाले.

त्या चार महिन्यांत मी किराणावाल्याच्या दुकानासमोरून जाणं टाळत होते. तो काही बोलला नव्हता. मलाच त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पगार 2500 झाला तेव्हाही गावातल्या तिघांना 1500 च आले, कारण त्यांच्या यूडीआयडी कार्डाचा नंबर सरकारी संगणकावर चढवलेला नव्हता. त्यातला एक अंथरुणावरून उठत नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईने तहसीलला चार चकरा मारल्या.

आणखी एक गोष्ट सांगते, ती आपल्या खान्देशाची आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. त्यात सिकलसेल आहे. नंदुरबारमध्ये, धडगाव-अक्कलकुव्यात, आमच्या बाजूला सातपुड्याच्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल किती घरांत आहे, हे तिथल्या आशाताईंना विचारा. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एका बाईचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दुखणं उठलं की तो दोन्ही मांड्या पोटाशी घेऊन जमिनीवर लोळतो, पाण्याचा पेलाही हातात धरवत नाही. आठवडा आठवडा शाळा बुडते. अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाची तारीख मिळाली, आईने मजुरी पाडून त्याला जिल्ह्याला नेलं. त्या दिवशी तो बरा होता. चालत गेला, चालत आला. टक्के 40 च्या खाली आले, म्हणजे पगार नाही. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झालं, तपासण्या वाढल्या, कार्डं वाटली. पण ज्याला आजार आहेच, त्याला दुखण्याच्या आठवड्यात आधार कोण देणार? महिन्यातून एखादा दिवस पाहून त्याच्या वर्षाचं माप कसं निघेल? डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर रांग असते आणि हातात सरकारचं कोष्टक असतं. कोष्टकात रात्रीचं दुखणं मावत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे. आधी विचारा, मग थांबवा. शंका आली तर पगार सुरू ठेवून चौकशी करा. तलाठी गावात येतात, ग्रामसेवक येतात, आशाताई तर दारोदार जातात. अंथरुणावरच्या माणसाची खात्री त्याच्या घरी येऊन होऊ शकते. पैसे बंद करण्याआधी एक महिना लेखी कळवा, आणि आंधळ्या माणसाला नुसतं मोबाईलवर संदेश पाठवून चालणार नाही, हेही लक्षात ठेवा. ठसा उमटत नसेल तर दुसरी सोय त्याच दिवशी, त्याच जागी असू द्या. बोर्ड महिन्यातून एकदा तरी तालुक्याला बसवा. यात फार पैसा लागत नाही. आणि घरात भाऊ कमावतो म्हणून बहिणीला पगार नको, हा हिशोबही पुन्हा तपासा. भावाची कमाई त्याच्या लेकरांची आहे. मी रोज संध्याकाळी त्यातला वाटा मागू का?

शेवटी गावातल्या श्रोत्यांसाठी एक कामाची गोष्ट सांगते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आधी तो 3 टक्के होता, 2018 पासून 5 टक्के झाला. तुमच्या गावात तो किती जमला आणि कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, तुम्ही दिव्यांग असा किंवा नसा. आमच्या ग्रामपंचायतीला तीन पायऱ्या आहेत आणि उतार नाही. गेल्या ग्रामसभेला मी खालीच खुर्ची टाकून बसले आणि तिथून विचारलं. सरपंच उठून खाली आले, वही घेऊन आले. वहीत निधी होता, खर्च कोरा होता. मग ओट्याला उतार बांधायचा ठराव झाला, त्यावर मीही सही केली. विटा आल्या आहेत, वाळू यायची आहे.

पुढच्या ग्रामसभेला त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या आईला सोबत नेणार आहे. तिने यायचं कबूल केलं आहे.

नमस्कार.