आमच्याकडं ओढाच नाही

नमस्कार श्रोतेहो.

मी मोबाईल दुरुस्तीवाला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं आठ बाय दहाचं दुकान आहे, आणि गेली सोळा वर्षं मी लोकांचे फोन उघडतोय. आकाशवाणीवर बोलायला या म्हणाले, तेव्हा मला वाटलं बॅटरी कशी जपावी वगैरे सांगायचं असेल. ते पुन्हा कधीतरी. आज जुना फोन विकण्याबद्दल बोलतो, त्यातही त्याची खोड सांगून विकण्याबद्दल. सुरुवात मात्र बैलापासून करावी लागेल.

सांगोल्याचा जनावरांचा बाजार तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. मी सातवी-आठवीत असताना आजोबांबरोबर तिथं गेलो होतो. खिलार बैल विकायचा होता, सहा दाती, अंगानं भरलेला. घेणाऱ्यानं जबडा उघडून दात पाहिले, खूर दाबले, चालवून बघितला. मध्ये हेडी, म्हणजे बाजारातला दलाल. रुमालाखाली बोटं दाबून झाली, सौदा जवळपास ठरला, आणि आजोबा म्हणाले, "एक सांगतो पाव्हणं. बैल कामाला वाघ हाय. पण ओढा आडवा आला की थबकतो. कासरा धरून पुढं चालावं लागतं. मागनं बोलू नका."

हेड्यानं आजोबांकडं असं बघितलं, की ते डोळे मला अजून आठवतात. घेणारा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं ओढाच नाही. सगळं माळरान हाय." आणि बैल घेऊन गेला. ठरल्यापेक्षा थोडे कमी दिले, पण घेऊन गेला.

आता फोन. फोनला दात नसतात, खरी अडचण तिथंच आहे. माझ्यासारखा सोळा वर्षं यात घालवलेला माणूसही टेबलावर ठेवलेला फोन दहा मिनिटं बघून फार थोडं सांगू शकतो. काच तडकलेली दिसते. फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, बदललेला असेल तर रंगावरून आणि कडेच्या गोंदावरून संशय येतो. सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारला, तर बऱ्याच फोनमध्ये पांढरी खूण असते. ती लाल झाली असेल तर पाणी आत गेलंय. अलीकडच्या आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी किंवा डिस्प्ले बदललाय का तेही दिसतं. एवढं झालं की आमची विद्या संपली.

अर्धा तास बोललं की फोन तापतो आणि आपोआप बंद होऊन चालू होतो. तीस टक्के दाखवत असताना अचानक मान टाकतो. पावसाळ्यात बोट न लावता स्क्रीन आपली आपण पळत सुटते. हे दहा मिनिटांत कुणाला दिसणार? हे ठाऊक असतं एकाच माणसाला, जो तो फोन उशाशी घेऊन झोपतो त्याला. त्या खोडीचा दुसरा साक्षीदारच नाही.

आणि गंमत अशी, की लपवणारा माणूस प्रत्येक वेळी लबाड असतो असंही नाही. परवा एक ताई फोन विकायला आल्या. म्हणाल्या, काही प्रॉब्लेम नाही, एकदम चांगला आहे. मी चार्जिंगला लावला तर चार्जच होईना. "अहो, पिन जरा वर उचलून धरायची आणि खाली पुस्तक ठेवायचं," त्या सहज म्हणाल्या. दोन वर्षं त्यांच्या घरी चार्जरशेजारी एक पुस्तक होतं. पुस्तक ठेवणं हाच चार्जिंगचा भाग, असं घरातली सगळी धरून चालली होती. खोडीची सवय झाली की ती खोड वाटत नाही. नवरा-बायकोतही असंच होत असावं, पण तो आपला आजचा विषय नाही.

हे सगळं मी फार धुतल्या तांदळासारखा सांगतोय असं वाटत असेल, तर आता माझं ऐका.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक फोन घेऊन आलं. तापला की रिस्टार्ट. मी उघडून बघितलं. मदरबोर्डवरच्या एका आयसीखालचं, म्हणजे चिपखालचं, सोल्डर सुटलं होतं. नीट काम करायचं तर आयसी काढायची, खालचे टाके नव्यानं बसवायचे, पुन्हा लावायची. दीड-दोन हजारांचं काम. दुसरा उपाय म्हणजे हीट मारणं: हॉट एअर गननं गरम हवा सोडायची, सोल्डर जरा वितळतं, तुटलेले टाके पुन्हा चिकटतात. पण ते टिकत नाही. आठवडा, महिना, कधी दोन महिने. मी त्याला दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, "विकायचाच आहे. विकेपर्यंत चालला म्हणजे झालं."

मी हीट मारली. दोनशे रुपये घेतले. माझ्या सवयीप्रमाणे आत बॅटरीखाली मार्करनं तारीख लिहिली.

पाच आठवड्यांनी एक टेम्पोवाले दादा आले. मुलगी अकरावीत, तिच्यासाठी साडेसहा हजारांना कुणाकडून तरी फोन घेतलेला. ऐन फॉर्म भरताना बंद पडतो म्हणाले. फोन उघडला, बॅटरी उचलली, तर खाली माझंच अक्षर.

त्यांनी विचारलं, "आधी कुणी उघडलाय का हो?"

मी म्हणालो, "हो, उघडलेला दिसतोय."

श्रोतेहो, या वाक्यात एकही अक्षर खोटं नाही. तुम्ही ते कागदावर लिहून घ्या, तपासा. तरीही ते आजवर मी बोललेलं सगळ्यात मोठं खोटं आहे.

माझ्या दुकानात एक वकील येतात. नाव न घेता, एक माणूस असं असं म्हणाला तर, असं मी त्यांना विचारलं. वकिलांना अशा 'एक माणसां'ची सवय असते. ते हसले आणि मला चक्क घोड्याची गोष्ट सांगायला लागले. आपला करार कायदा 1872 सालचा. त्याच्या 17 व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते दिलंय आणि खाली उदाहरणं आहेत. एकानं लिलावात घोडा विकला. घोडा धड नाही हे त्याला माहीत होतं, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही! नुसतं गप्प बसणं हा गुन्हा नव्हे. मला हुश्श वाटलं. वकीलसाहेब म्हणाले, थांबा, उदाहरण पुढं आहे. घेणारी जर त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं बापाचं कर्तव्य. आणि घेणारा जर म्हणाला, 'तू नाही म्हणाला नाहीस, तर मी घोडा चांगला समजेन,' आणि तरी विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हे कलम मोठ्यानं वाचून दाखवायला हवं, असं मला तेव्हा वाटून गेलं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ती जत्रा. तिथं घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून खोड ओळखणारे जाणते असतात. फोनला भोवरेही नाहीत.

मी विचारलं, "आणि विकणाऱ्यानं घोड्याला औषध पाजून तासभर धड चालवला तर?" ते म्हणाले, "मग ती उघड फसवणूक. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं हे त्याच कलमात लिहिलंय." म्हणजे माझं ते दोनशे रुपयांचं काम. गप्प बसणारा तो गिऱ्हाईक होता, औषध पाजणारा मी.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुमच्या उपयोगाची आहे. दुकानदारानं विकलं तर ग्राहक संरक्षण कायदा, म्हणजे आताचा 2019 चा, तुमच्या मदतीला येतो. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला घरचा फोन विकला, तर ग्राहक आयोगाचा उपयोग नाही. तिथं राहतो करार कायदा आणि दिवाणी कोर्ट. साडेसहा हजारांसाठी कोर्टात कोण जातो, हे तुम्हीही जाणता, विकणाराही जाणतो.

दोन दिवसांनी दादांना बोलावलं. त्याच मॉडेलचा एक डेड पीस माझ्याकडं होता, त्यातली आयसी काढून नीट बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. त्यांनी विचारलं, का? तेव्हा सांगितलं. माणूस भांडला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी फोन खिशात घातला, "बरं" म्हणाले आणि गेले. पुन्हा माझ्या दुकानात आले नाहीत. टेम्पो रोज समोरून जातो.

तेव्हापासून दुकानात एक वही आहे. कुणाला फोन विकायचा असेल तर माझ्या काउंटरवर ठेवा, पण वहीच्या पानावर त्याची खोड स्वतःच्या हातानं लिहायची. ती चिठ्ठी रबर लावून फोनला बांधलेली असते. सुरुवातीला लोक बिचकले. दोघं-तिघं फोन उचलून परत गेले. शेजारचा दुकानदार म्हणाला, "धंदा करतोस का कीर्तन?" पण महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की आजोबांच्या बैलाचं गणित इथंही लागू पडतं. कॅमेरा धूसर असलेला फोन रात्रपाळीच्या वॉचमनदादांनी आनंदानं नेला, त्यांना फक्त बोलायचं होतं. बॅटरी दुपारपर्यंतच टिकणारा फोन किराणा दुकानदारानं घेतला. त्याचा फोन दिवसभर गल्ल्याशेजारी वायरलाच लावलेला, पैसे आल्याचा आवाज ऐकायला. खोड लपवली तर फोन कुणाकडंही जातो. सांगितली तर ज्याच्याकडं ओढा नाही त्याच्याकडं जातो.

सगळ्याच खोडींना असं गिऱ्हाईक मिळत नाही, हेही खरं. तापून बंद पडणारा, बॅटरी फुगून मागचं पॅनल उचललेला, असा फोन कुणाच्याच कामाचा नाही. तो आम्हा दुरुस्तीवाल्यांना सुट्या भागांसाठी द्या. फुगलेली बॅटरी तर घरात ठेवूही नका, टाचणी लावणं दूरच.

घेणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. मग केवायएम लिहून, जागा सोडून, तो नंबर 14422 वर एसएमएस करा. फोनची माहिती येते. चोरीला गेला म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथंच कळतं. विकणाऱ्यानं स्वतःचं गुगल किंवा ॲपल खातं तुमच्यासमोर काढलं पाहिजे. नाहीतर फोन रिसेट केल्यावर त्याचाच पासवर्ड मागत बसेल. आणि शेवटी, तोंडानं विचारा. "काही खोड नाही ना? नसेल तर मी चांगलाच समजतो." घोड्यावाल्यासारखं. आता तो गप्प बसला तरी ते बोलणंच धरलं जाईल. जमलं तर व्हॉट्सॲपवर विचारा, म्हणजे ते लिहून राहील.

वहीतली एक चिठ्ठी वाचून दाखवतो आणि थांबतो. मागच्या महिन्यात कॉलेजात जाणारा एक मुलगा आईचा फोन घेऊन आला होता. बराच वेळ पेन चावत बसला होता. लिहिलं ते असं: 'आईला कमी ऐकू येतं. त्यामुळं आवाज कायम पूर्ण असायचा. रिंगर फाटलाय, गाणं खरखरतं. आईला ते कधी कळलं नाही, म्हणून आम्हीही दुरुस्त केलं नाही. बाकी फोन चांगला आहे.'

त्याच दिवशी संध्याकाळी अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा आला. चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली.

"कितीला, काका?"

"रिंगर फाटलाय, वाचलंस ना?"

त्यानं गळ्यातला हेडफोन दाखवला. म्हणाला, "आमच्याकडं आवाज काढायलाच बंदी आहे."

नमस्कार.