गाणं कुणाच्या नावावर?

(बेळगाव सीमाभागातल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनात एका रॅपरने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

संमेलनाध्यक्ष, स्वागत समितीची मंडळी, सकाळपासून ग्रंथदिंडीत चालून दमलेल्या आयाबहिणी, आणि मांडवाच्या मागच्या बांबूला टेकून उभी असलेली माझी पोरं, सगळ्यांना नमस्कार.

पत्रिकेत माझा विषय ‘धडपड, यश आणि गल्लीपलीकडचं आयुष्य’ असा छापलाय. मी त्यावरच बोलणार आहे. पण हल्ली भेटेल त्या गाणाऱ्या पोराला मी एकच गोष्ट विचारतो, ती आधी इथं विचारतो, कारण एवढा भरलेला मांडव पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. मी विचारतो, “गाणं भारी झालंय गा, पण ते हाय कुणाच्या नावावर?” शंभरातली नव्वद पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहतात. त्या पोरांसाठी मी आज आलोय.

सकाळी दिंडीत एका आजीनं मला थांबवलं. म्हणाली, “बाळ, तू रॅप म्हणतोस म्हणं. म्हणजे काय, भजनाची फास्ट चाल काय?” मी म्हटलं, आजी, भजनापेक्षा ते कलगी-तुऱ्याच्या जवळचं. तर ती लगेच म्हणाली, “मग सरळ तसं सांग की!” ज्यांनी फड बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको. एकानं डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जागच्या जागी जवाब जुळवायचा, आणि जुळला नाही तर अख्ख्या गावासमोर मान खाली घालायची. हे एकट्या मराठीचंही नाही बरं का. इथून बैलहोंगल-गोकाककडं गेलात तर गीगी पदात, म्हणजे कन्नडमधल्या डफावरच्या गाण्यात, हरदेशी आणि नागेशी असे दोन पक्ष असतात. शिव मोठा की शक्ती मोठी, यावर पहाटेपर्यंत भांडतात. भाषेवरून आपण काय काय सोसलंय ते इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात माहीत आहे, ते मी विसरत नाही. पण डफावर भांडायची रीत दोन्हीकडं सारखी, हेही मी विसरत नाही. माझे बीट, म्हणजे गाण्यामागचा ताल, करणारा मुलगा संकेश्वरचा आहे, घरी कन्नड बोलतो, आणि त्याच्याइतका ताल मी दुसऱ्या कुणाच्या हातात बघितलेला नाही.

आता अमेरिकेचं सांगतो, कारण रॅप जन्मलं तिकडंच. 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. हातात पैसे नाहीत. तिनं राहत्या इमारतीतला हॉल घेतला, मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट तिकीट लावलं, आणि थोरल्या भावाला सांगितलं, तू रेकॉर्डी लाव. हा भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. त्यानं बघितलं होतं की गाण्यात नुसता ड्रम वाजतो तेवढ्या तुकड्यावर पोरं बेभान नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा आणि वर माइकवरून बोलत राहायचा. रॅप ज्यातलं, त्या हिप-हॉपची सगळी दुनिया जन्मतारीख म्हणून हीच रात्र धरते. म्हणजे बघा, सुरुवातच पैसे गोळा करण्यातून झाली. आपल्या मंडळाच्या पोरांना हे लगेच कळेल. (हशा.)

बेळगावात तर पत्ता म्हणजेच गल्ली. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, चव्हाट गल्ली, भांदूर गल्ली. प्रत्येक गल्लीचं मंडळ, गणपती, चित्ररथ, आणि पोरांचा एक घोळका. मी वडगावचा. आमच्या घरी आई मागावर आणि मी उद्यमबागला एका फाउंड्रीत फेटलिंगला. ज्यांना फेटलिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चारी बाजूंनी लोखंडाच्या कडा आणि रायझरचे खुंट राहिलेले असतात. ते ग्राइंडरनं घासून काढायचे. ठिणग्या मनगटावर पडतात, दुपट्टा बांधला तरी शिफ्ट सुटल्यावर नाक शिंकरलं की काळंच येतं. ग्राइंडरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळं आठ तास माणूस स्वतःशीच बोलतो. मी ओळी बोलायचो. जेवणाच्या सुट्टीत जॉब कार्डाच्या पाठीमागं लिहायचो. सुपरवायझर ओरडायचा, पण कार्ड वाचून हसायचाही.

धडपड म्हणतात ती हीच. आणि या धडपडीचं जे कौतुक चालतं, त्याबद्दल मला आज जरा कडक बोलायचंय. व्हिडिओत दाखवतात, पोरगा रात्रंदिवस राबतो आणि मग गाडी येते, चेन येते, गर्दी येते. अहो, राबण्याचं कौतुक आम्हाला कशाला सांगता? या जिल्ह्यात कोण राबत नाही? निपाणीला तंबाखूच्या वखारीत बायका राबल्या, विड्या वळून बोटं झिजली. वडगाव, खासबागला माग चालतात. राबण्यानं घर चालतं. यश येतंच असं नाही. मधे काहीतरी गळतं, आणि कुठं गळतं ते मला एका गाण्यानं शिकवलं.

ते गाणं मी आमच्या चित्ररथासाठी लिहिलं. आपली शिवजयंती वैशाखातली, आणि चित्ररथाची रात्र म्हणजे काय ते तुम्ही जाणता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा, मागं जनरेटर, पुढं माणसांचा समुद्र, आणि एक गल्ली पुढं सरकेपर्यंत दुसरी तासन् तास उभी. आम्ही असेच अडकून उभे होतो. देखावा गडाचे दगड वाहणाऱ्या पाथरवटांचा होता. मी माइक घेतला आणि त्या पाथरवटांच्या तोंडून बोलायला लागलो. किल्ला राजाचा, पण दगड उचलला कुणी, असं त्याचं पालुपद. खाली उभी असलेली फाउंड्रीची पोरं पहिल्यांदा गप्प झाली. मग त्यांनी पालुपद उचललं. मग बायकांनी उचललं. पुढचा चित्ररथ सरकला तरी आमचा ट्रॅक्टर कुणी हलू देईना, शेवटी पोलीस आले आणि हात जोडून म्हणाले, आता चला की राव!

पुढच्या आठवड्यात शहापुरात एका मित्राच्या माडीवर, भिंतीला गाद्या लावून आम्ही ते रेकॉर्ड केलं. मग एका म्युझिक कंपनीचा माणूस आला. नाव घेत नाही. गोड बोलला, कुंदा घेऊन आला होता. रोख रक्कम हातावर ठेवली, फाउंड्रीच्या पगाराच्या मानानं मोठी, आणि इंग्रजीतला कागद पुढं केला. व्हिडिओसाठी परवानगी म्हणून सही लागते, असं त्यानं आम्हाला सांगितलं. त्या कागदात काय होतं ते नंतर एका वकिलांनी मला मराठीत वाचून दाखवलं. हे गाणं कायमस्वरूपी, आणि ऐका बरं का, ‘संपूर्ण विश्वात’, कंपनीचं. पृथ्वीवर नव्हे, विश्वात! उद्या चंद्रावर कुणी वरात काढली आणि हे गाणं वाजवलं तरी पैसे त्यांनाच. (हशा.) हसा, हसा. पण हे शब्द मी मनानं सांगत नाही, असे करार जगभर छापील मिळतात.

गाणं चाललं. लग्नात वाजलं, डॉल्बीवर वाजलं, रीलवर वाजलं. मग मी एका कार्यक्रमात ते स्वतः म्हटलं आणि तो व्हिडिओ माझ्या यूट्यूबवर टाकला. दुसऱ्या दिवशी मेल आला, तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर आहे. जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडं जाणार. माझा गळा, माझे शब्द, माझ्याच आईनं शिवलेला सदरा अंगात, आणि मालक दुसरा! मी हरकत घेतली. त्यावर उत्तर द्यायला समोरच्याला 30 दिवस असतात. त्यांनी सगळे दिवस घेतले आणि शेवटी उत्तर आलं, दावा योग्य आहे. मी त्यांच्या ऑफिसात गेलो. साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा गेलो. साहेब पुण्याला. तिथल्या रिसेप्शनच्या टीव्हीवर माझंच गाणं चालू होतं, आवाज बारीक करून.

घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. आई बीम भरून मागावर बसली होती. तिनं माग थांबवला. ती मजुरीवर विणते. सूत मालक देतो, साडी मालक नेतो, साडीमागं मजुरी हिच्या हातावर पडते. ती म्हणाली, “म्हणजे आमच्या मागासारखंच की रे. साडी त्यांची, मजुरी तेवढी आपली.” मी होय म्हणणार होतो. पण थोडा वेळ गेला आणि तीच म्हणाली, “नाही रे. आम्हाला सूत तरी ते देतात. तुझ्यात तर सूतसुद्धा तुझंच होतं.”

मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात मला हे इतकं स्वच्छ मिळालेलं नाही.

(सूत्रसंचालकांनी चिठ्ठी दिली.) सरांची चिठ्ठी आलीय, “पाच मिनिटं. भात उतरवलाय.” माता-भगिनींनो, भात निवू देत नाही, पण मुख्य मुद्दा राहिलाय, तो भरभर सांगतो.

ज्या कूल हर्कपासून हे सगळं सुरू झालं, तो 2011 मध्ये आजारी पडला तेव्हा त्याच्याकडं आरोग्य विमा नव्हता. शस्त्रक्रियेसाठी लोकांकडं मदत मागायची वेळ आली. त्याच्या त्या ड्रमच्या तुकड्यावर तोवर अब्जावधींचा धंदा उभा राहिला होता. आमच्या फाउंड्रीत निदान दवाखान्यासाठी ईएसआयचं कार्ड तरी असतं. गाणाऱ्याला ईएसआय नाही, पीएफ नाही, आणि गळा बसला की बोलावणारा कुणी नाही. त्या दिवशी त्याच्या घरात जे येईल ते जुन्या गाण्याच्या रॉयल्टीतूनच, म्हणजे गाणं वाजेल तसा मिळणाऱ्या वाट्यातूनच.

दुसरा बघा, रॅपर जे-झी. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सरकारी चाळींत वाढला, रस्त्यावर नको ते धंदे केले, ते त्यानं लपवलेलं नाही. कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, तर दोन साथीदारांबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि 1996 मध्ये पहिला अल्बम तिच्यातूनच आणला. पुढं 2004 मध्ये एका बड्या कंपनीनं अध्यक्षपद देऊ केलं, तेव्हा त्यानं करारात घालून घेतलं की माझ्या मूळ रेकॉर्डिंगचे हक्क पुढं माझ्याकडं परत यायला पाहिजेत. पोरं त्याची चेन बघतात. मी म्हणतो, ती अट बघा.

आणि निप्सी हसल, लॉस एंजेलिसचा रॅपर. 2013 मध्ये त्यानं एका मिक्सटेपच्या, म्हणजे स्वतः काढलेल्या गाण्यांच्या संग्रहाच्या, 1000 प्रती काढल्या, एकेक 100 डॉलरला विकल्या. तीच गाणी नेटवर फुकट होती, तरी लोकांनी घेतल्या. मूळ रेकॉर्डिंगवरचा हक्क त्यानं सोडला नाही, वाढला त्याच भागात दुकान घातलं, पोरांना कामाला लावलं. 31 मार्च 2019 ला त्याच दुकानासमोर त्याला गोळ्या घातल्या. वय 33. गल्ली सोडायची की धरून ठेवायची, यावर मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, कारण याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. मला एवढं दिसतं की गाण्यात ‘माझ्यावर केस आहे’ म्हणायला जोर येतो, आणि कोर्टाच्या आवारात पुढच्या तारखेची वाट बघत चहा पिताना तो जोर कुणाच्याच चेहऱ्यावर नसतो. माझा एक जुना साथीदार असाच तारखा करतोय. पासपोर्ट अडकलाय, नोकरी गेली. माझ्यापेक्षा चांगला लिहायचा. मला माझी गल्ली जीव की प्राण आहे. पण गल्लीतल्या पोरानं चाळिशीत काय खायचं, हा प्रश्न गाण्यात यायला पाहिजे, आणि गाण्याबाहेरही.

आता कायदा, दोन मिनिटांत. आपल्या देशात 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. एका गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग असे तीन वेगळे हक्क असतात, हे आधी डोक्यात ठेवा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी पाहिजे. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते ‘कायमस्वरूपी’ आणि ‘विश्व’ लिहून घेतात. पण गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा आहे, की कंपनीनं सही घेतली तरी तो तिला गिळता येत नाही. वारसाला देता येतो, किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडं सोपवता येतो, बस. म्हणजे त्या पाथरवटांच्या गाण्यातला शब्दांचा वाटा अजून माझा आहे, आणि तो मी मिळवणार आहे. 1969 पासून आयपीआरएस नावाची संस्था हे पैसे गोळा करून लिहिणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला देते, तिचे सभासद व्हा. शब्दांवरचा हक्क तुमच्या मागं 60 वर्षं चालतो, म्हणजे नातवंडांपर्यंत.

संकेश्वरच्या त्या मुलाबरोबर मी आता गाणं करायच्या आधी कागद करतो. अर्धं त्याचं, अर्धं माझं, एक प्रत मराठीत, एक कन्नडमध्ये. दोघांच्या आयांना वाचून दाखवतो. मगच माइक लावतो.

भात उतरलाय. जेवण झालं की मी ग्रंथप्रदर्शनाच्या पहिल्या स्टॉलजवळ बसतो, खानापूरहून एक वकीलताई आल्यात, त्याही बसणार आहेत. ज्या पोरापोरींनी असा कागद सही करून दिलाय त्यांनी तो आणा, मोबाईलमधला फोटोसुद्धा चालेल. आणि ज्यांच्या खिशात सही न केलेला कागद आहे, त्यांनी जेवायच्या आधीच या.