चाळीस वाव पाणी

(दृश्य : भाऊचा धक्का, पहाट. बर्फाच्या लाद्या, पाट्यांची घाई, दिव्याखाली चमकणारी सुरमई.)

धक्क्यावर जाळं सांधत बसलेल्या एका तांडेलदादांना आम्ही विचारलं, "दादा, किती खोल पाण्यात जाता?"

मान वर न करता ते म्हणाले, "चाळीस वाव. रात्रभर चाललो तरी तळ लागतोच."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, साधारण सहा फूट. चाळीस वाव म्हणजे 73 मीटर. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे, आणि तिथंही पाणी 75 मीटरच्या आसपासच भरतं. शाळेच्या भूगोलात समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, शिकलो होतो, आठवतं? देशाच्या किनाऱ्यावर ती सर्वांत रुंद आहे ती इथं, मुंबई आणि खंबातच्या आखातासमोर.

आता भारतानं स्वतः बांधलेली पहिली अणुपाणबुडी डोळ्यांसमोर आणा. आयएनएस अरिहंत, लांबी सुमारे 110 मीटर. मुंबई हायपाशी ती टोकावर सरळ उभी केली, तर तिचा तिसरा हिस्सा पाण्याबाहेर राहील. जिचं सगळं बळ लपण्यात आहे, तिला मुंबईचा समुद्र पुरत नाही. आणि तरीही तिचं काळीज मुंबईचं आहे.

(दृश्य : गेटवेहून घारापुरीला निघालेली लाँच.)

लाँचमध्ये डाव्या बाजूला बसा. बंदर मागे पडलं की ट्रॉम्बेची टेकडी दिसू लागते, जुन्या माणसांचं तुर्भे. तिच्या पायथ्याला, पाण्याच्या काठावर, अणुभट्ट्यांचे घुमट आहेत. घारापुरीला जाणारे बहुतेक जण त्यांच्याकडे बघतात आणि पुन्हा सीगल पक्ष्यांना गाठ्या टाकायला लागतात. पण थोडं थांबून बघावं अशी ती जागा आहे. 4 ऑगस्ट 1956 रोजी इथं 'अप्सरा' सुरू झाली. पाण्याच्या टाकीत बुडवलेली अणुभट्टी. चालू असली की गाभ्याभोवती पाणी निळं उजळायचं.

त्याच भाभा अणुसंशोधन केंद्रानं पुढं पाणबुडीची अणुभट्टी घडवली. तत्त्व सरळ आहे. युरेनियमच्या अणूंचं विखंडन होतं, त्या उष्णतेनं प्रचंड दाबाखालचं पाणी तापतं, ते दुसऱ्या पाण्याची वाफ करतं, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि शेवटी पंखा. अवघड होतं ते हे सगळं पाणबुडीच्या पोटात बसवणं. जमिनीवरचं वीजकेंद्र एका लयीत चालतं. पाणबुडी डोलते, कलते, तिला मिनिटांत वेग वाढवावा लागतो, मिनिटांत शांत व्हावं लागतं. म्हणून आधी तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला जमिनीवरच तशी अणुभट्टी उभारून ती चालवून पाहिली गेली. अरिहंतमधल्या अणुभट्टीची क्षमता 83 मेगावॉट. 26 जुलै 2009 रोजी विशाखापट्टणमला अरिहंतचं जलावतरण झालं, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. आपल्या माटुंग्याच्या रुपारेल आणि व्हीजेटीआयचे विद्यार्थी. हे सांगताना ऊर भरून येतो, आणि तो येऊ द्यावा.

मुंबईला पाणबुड्या नव्या नाहीत. माझगाव गोदीत 'शल्की' बांधली गेली, ती 1992 मध्ये नौदलात आली. कलवरी वर्गातल्या सहाही पाणबुड्या याच गोदीतल्या. पण या डिझेलवर चालणाऱ्या. पाण्याखाली त्या बॅटरीवर चालतात, आणि बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ येऊन नळी वर काढून हवा घ्यावी लागते. पकडलं जाण्याची भीती तेव्हा सर्वांत जास्त असते. अणुभट्टीला हवा लागत नाही. प्राणवायू आणि गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यापासून बनतं. घरी परतायची वेळ ठरते ती शिध्यावरून आणि माणसांच्या सहनशक्तीवरून.

एवढा खटाटोप कशासाठी? 4 जानेवारी 2003 रोजी भारतानं आपलं अण्वस्त्र धोरण जाहीर केलं : पहिला वार आम्ही करणार नाही. पण असं म्हणणाऱ्या देशाला पहिला वार सोसूनही उत्तर देता आलं पाहिजे, नाहीतर त्या शब्दाला किंमत नाही. विमानतळ उपग्रहाला दिसतात, क्षेपणास्त्रांचे तळही शोधता येतात. समुद्राच्या पोटातली शांत पाणबुडी शोधणं महाकठीण. ती सापडत नाही, म्हणून समोरचा पहिला वार करताना दहादा विचार करतो. तिच्यावरची क्षेपणास्त्रं कधीच सुटू नयेत, यासाठीच ती समुद्रात असते.

म्हणून बंगालचा उपसागर. विशाखापट्टणमसमोर समुद्रबूड जमीन अरुंद आहे, तळ लवकर खोल जातो. शिवाय गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरतं, खाली खारं आणि थंड पाणी. या थरांच्या सीमेवर ध्वनी वाकतो आणि शोधणाऱ्याचं 'सोनार', म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं हुडकणारं यंत्र, चकतं. माझ्या मते पूर्व किनारा निवडण्यामागं हे मोठं कारण आहे.

उणीवही सांगायला हवी. अरिहंतचं सुरुवातीचं के-15 क्षेपणास्त्र 750 किलोमीटरच जातं. एवढ्या पल्ल्यासाठी पाणबुडीला लक्ष्याच्या फार जवळ जावं लागेल. म्हणून 3500 किलोमीटर पल्ल्याचं के-4 महत्त्वाचं. 'अरिघात' ही दुसरी पाणबुडी 29 ऑगस्ट 2024 रोजी दाखल झाली. पण एक गस्तीवर, एक दुरुस्तीत, एक तयारीत, असं चक्र अखंड फिरायचं तर दोन पुरत नाहीत.

(दृश्य : तमिळनाडू, तिरुनेलवेली जिल्हा. आयएनएस कट्टबोम्मन या नौदलाच्या संदेश केंद्राचे उंच मनोरे.)

खोल पाण्यात साधा रेडिओ पोहोचत नाही. अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी तेवढ्या काही मीटर आत शिरतात. त्यांच्यासाठी हे मनोरे. आदेश इथून जातो. गस्तीवरची पाणबुडी ऐकत राहते, उलट बोलत नाही, कारण बोललं की ठिकाण कळतं. आत जवळपास शंभर माणसं. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी बाळ जन्मलं असेल, कुणाचे वडील आजारी असतील. इथून फोन लावता येत नाही.

अरिहंतनं पहिली गस्त पूर्ण केल्याचं देशाला कळलं ते 5 नोव्हेंबर 2018 रोजी, ती परतल्यावर. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. मुंबईत घरोघरी धणे-गुळाचा नैवेद्य, दारात पणत्या. आदल्या काही आठवड्यांत आपण फराळाची भाजणी दळून आणत होतो, कंदील लावत होतो, आणि ती माणसं कुठल्यातरी खोल पाण्यात कान देऊन बसली होती.

(दृश्य : पुन्हा भाऊचा धक्का. तांडेलदादांची बोट सुटते. वायरलेसवर दुसऱ्या बोटीची हाक येते, ते हसून उत्तर देतात.)