शूटिंग गेम परत आणायचा म्हणजे त्याचा वेळ परत आणायचा

आज बोलायचंय ते जुन्या आर्केड शूटिंग गेम्सबद्दल (आर्केड म्हणजे नाणं घालून खेळायच्या मशीन्सची जागा), म्हणजे एक यान, समोरून येणाऱ्या गोळ्या आणि हातात स्टिक एवढ्यावर चालणारे गेम, जे आता स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर एकामागून एक परत येतायत. असा पोर्ट, म्हणजे जुन्या गेमची नव्या मशीनसाठीची आवृत्ती, आला की लोक आधी चित्र बघतात, पिक्सेल शार्प आहेत का, जुन्या टीव्हीसारख्या स्कॅनलाइन्स, म्हणजे बारीक आडव्या रेषा, दिल्यात का. बघावंच, पण मला विचाराल तर या गेम्समध्ये सगळ्यात आधी जपायला हवा तो वेळ. गेम कुठे पळतो, कुठे मंदावतो, बटण दाबल्यावर किती लवकर ऐकतो, हे चुकलं की चित्र कितीही सुंदर असू दे, हातात दुसराच गेम येतो.

अगदी सुरुवात बघा ना. 1978 चा स्पेस इन्व्हेडर्स, ताइतोचा, तोमोहिरो निशिकादो यांनी केलेला. त्यात 55 एलियन असतात आणि जसजसे मरतात तसतसे उरलेले जोरात पळायला लागतात, शेवटच्या एकट्याला मारताना तर हात थरथरतो. तर हा वेग मुद्दाम घातलेला नव्हता. मशीन एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चित्राला, एकच एलियन हलवायचं, मग 55 असले की प्रत्येकाची पाळी उशिरा येणार आणि पाच उरले की पटापट येणार, आणि निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं कारण खेळायला मजा येत होती. हार्डवेअरची मर्यादा हाच गेमचा जीव झाला.

हीच गोष्ट पुढे केव्ह कंपनीच्या गेम्समध्ये फार वरच्या पातळीवर गेली. तोआप्लान ही गेम बनवणारी कंपनी 1994 ला बुडाली, तिथल्या लोकांनी केव्ह काढली आणि 1997 ला दोदोनपाची आला. स्क्रीन गोळ्यांनी भरली की 16 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ते झेपत नाही आणि अख्खा गेम स्लो होतो, आणि नेमका तिथेच खेळणाऱ्याला गोळ्यांमधली फट दिसते, म्हणजे ज्याला आपण दुसरीकडे बिघाड म्हणू तो इथे डिझाइनचा भाग आहे. आता हा गेम आजच्या कन्सोलवर नुसता चालू केला तर प्रोसेसर इतका ताकदवान की स्लोडाऊन गायब, आणि मग गोळ्यांचा तो पॅटर्न माणसाने चुकवण्यासारखा राहतच नाही. पोर्ट करणाऱ्याला तो मंदपणा मोजून, जागच्या जागी परत बसवावा लागतो. हे काम कोणाच्या डोळ्यात भरत नाही, पण खरं कौशल्य तिथे आहे.

मग रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती चित्रं दाखवते ते. आपला साधा टीव्ही सेकंदाला 60 फ्रेम दाखवतो, पण जुनी मशीन्स बरोबर 60 वर चालायचीच असं नाही. आयरेमचा आर-टाइप, 1987 चा, सेकंदाला साधारण 55 वर चालायचा. तो 60 वर ओढला तर गेम नऊ टक्के फास्ट होतो, नाही ओढला तर दर सेकंदाला पाचेक फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि मागचं चित्र सरकताना अडखळतं. आता व्हेरिएबल रिफ्रेश रेट आलाय, म्हणजे टीव्हीच गेमच्या तालावर चालतो, आणि हॅमस्टर कंपनीने 2025 मध्ये सुरू केलेल्या आर्केड आर्काइव्ज 2 या जुन्या आर्केड गेम्सच्या मालिकेत त्याची सोय आहे. मला हे फार मोठं पाऊल वाटतं.

इनपुट लॅगबद्दल, म्हणजे बटण दाबणं आणि स्क्रीनवर ते दिसणं यातल्या उशिराबद्दल, तर बोलायलाच हवं. एक फ्रेम म्हणजे साधारण 16.7 मिलीसेकंद. एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, थोडा वेळ खातो, कन्सोल थोडा, टीव्ही चित्र सजवण्यात थोडा, आणि बघता बघता सहा फ्रेम गेल्या, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. ज्या गेममध्ये यानाचा हिटबॉक्स, म्हणजे गोळी लागली तर मरतो तो भाग, मोजून काही पिक्सेलचा आणि गोळ्यांमधली फट त्याहून जराशीच मोठी, तिथे हा दहावा भाग जीव घेतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं मीच म्हातारा झालो. तसं नसतं हो! आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, मग स्वतःला दोष द्या.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. यातले बरेच गेम उभ्या स्क्रीनचे, तीनास चार. आडव्या टीव्हीवर लावले की निम्म्याहून जास्त स्क्रीन रिकामी राहते. तिथे बहुतेक जण एखादं चित्र लावून मोकळे होतात. पण एमटू नावाच्या जपानी कंपनीने, शॉटट्रिगर्स ही त्यांची सिरीज, त्या रिकाम्या जागेत गेमचं पोट उघडून दाखवलं. 2016 ला प्लेस्टेशन 4 वर आलेला त्यांचा बॅटल गारेग्गा घ्या. मूळ गेम रायझिंगचा, 1996 चा, शिनोबू यागावा यांचा. त्यात रँक नावाची लपलेली गोष्ट आहे, तुम्ही गोळी झाडली की रँक वाढते, पॉवरअप (ताकद वाढवणारी वस्तू) उचलला की वाढते, नुसतं जिवंत राहिलात तरी वाढते, आणि रँक वाढली की गेम कठीण होत जातो. ती खाली येते कशाने तर मरण्याने, आणि हातात लाइफ जितक्या कमी तितकी ती जास्त उतरते. म्हणजे मन लावून सगळं गोळा करणारा, बटण दाबून धरणारा माणूस शेवटी चिरडला जातो आणि जाणकार माणूस ठरवून मरतो! हे आर्केडमध्ये स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. जपानमध्ये गेमेस्टसारखी मासिकं होती, आर्केडमध्ये शेजारी उभं राहून बघता यायचं, बाकीच्यांनी फक्त नाणी घातली आणि गेम अन्यायी आहे म्हणून सोडून दिला. एमटूच्या पोर्टमध्ये रँक बाजूला डोळ्यासमोर वाढताना दिसते, बॉसची, म्हणजे लेव्हलच्या शेवटच्या मोठ्या शत्रूची, शक्ती किती उरली ते दिसतं, आणि पहिल्यांदाच कळतं की हा गेम तुमच्याशी काय बोलत होता.

काही जुने खेळाडू म्हणतात हे फसवणं झालं. मला अजिबात पटत नाही. त्याने एकही गोळी हळू होत नाही, चुकवायची तुम्हालाच आहे. खरं नुकसान फुकटच्या अमर्याद क्रेडिट्सने (क्रेडिट म्हणजे नाणं घालून मिळणारी खेळी) होतं, कारण मरत मरत वीस मिनिटांत शेवट बघितला की माणूस म्हणतो संपला गेम, आणि त्याने तो खेळलेलाच नसतो. म्हणून हॅमस्टरच्या आर्केड आर्काइव्जमधला हाय स्कोअर मोड मला आवडतो, एकच क्रेडिट, सेटिंग बदलायचं नाही, आणि पाच मिनिटांत जमेल तेवढा स्कोअर करायचा कॅराव्हॅन मोड तर रोज खेळावा असा.

सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं तर माझं उत्तर, स्विचवर 2021 ला आलेला मुशीहिमेसामा घ्या, ओरिजिनल मोड, सगळ्यात सोपी लेव्हल. जिथे मराल तिथला पॅटर्न प्रॅक्टिस मोडमध्ये शांतपणे परत परत खेळा, तो सुटला की मग सगळा गेम सुरुवातीपासून एका क्रेडिटमध्ये. आणि जमलं तर स्क्रीन उभी करून खेळा, स्विच हातात उभा धरता येतो, त्यासाठी पकडही मिळते.