सॅमन: चरबी, आरोग्य आणि आच

नमस्कार. सॅमनवर बोलायला उभं राहिलं की समोरून दोनच प्रश्न येतात. हा मासा तब्येतीला खरंच एवढा चांगला आहे का? आणि घरी केला की कोरडा का होतो? पहिला प्रश्न आहारतज्ज्ञाला विचारायचा आणि दुसरा आचाऱ्याला, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. माझं आजचं म्हणणं असं, की दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे या माशाची चरबी.

ही चरबी असते कशासाठी, तिथून सुरुवात करू. सॅमन जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. नदीत शिरला की त्याचं खाणं जवळजवळ बंद होतं. प्रवाहाविरुद्ध पोहणं, धबधब्यांवरून उड्या घेणं, अंडी तयार करणं, हे सगळं अंगावरच्या शिदोरीवर भागवायचं असतं. युकॉन नदीतले काही चिनूक सॅमन अलास्का ओलांडून पार कॅनडात, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून जास्त आत जातात. त्यामुळे समुद्र सोडताना ते चरबीने गच्च भरलेले असतात. पिंक सॅमन बहुतेकदा नदीच्या खालच्या टप्प्यातच अंडी घालतो, त्याला एवढा साठा लागत नाही. आणि समुद्रातल्या जाळ्यांच्या पिंजऱ्यात पाळलेला अटलांटिक सॅमन तर कुठेच जात नाही. खातो मात्र नियमित!

आता आकडे बघा. १०० ग्रॅम कच्च्या पिंक सॅमनमध्ये चरबी साधारण ४ ते ५ ग्रॅम, ऊर्जा १२७ कॅलरी. तेवढ्याच पाळलेल्या अटलांटिक सॅमनमध्ये चरबी १३ ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा २०८ कॅलरी. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच, २० ग्रॅम. म्हणजे पाकिटावर नुसतं ‘सॅमन’ लिहिलेलं असलं तरी आत काय आहे ते कळत नाही. चरबीत तिपटीचा फरक असू शकतो. हा फरक पुढे तव्यावर आपल्याला भेटणार आहे, तो लक्षात असू द्या.

चरबी किती याइतकंच ती कोणती हेही महत्त्वाचं. लोणी फ्रिजमध्ये ठेवलं की दगड होतं. थंडगार समुद्रात राहणाऱ्या माशाच्या अंगात तसली चरबी असून चालणार नाही. त्याच्या पेशींची आवरणं थंडीतही लवचीक राहायला हवीत. त्यासाठी लागतात ओमेगा-३ गटातली लांब साखळीची मेदाम्लं, ईपीए आणि डीएचए. गंमत म्हणजे सॅमन ती बहुतांशी स्वतः बनवत नाही. बनवतं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ. ते शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना छोटे मासे खातात आणि छोट्या माशांना सॅमन. त्याचा नारिंगी रंगही याच वाटेने येतो. अ‍ॅस्टाझँथिन नावाचं ते रंगद्रव्य क्रिल आणि कोळंबीवर्गातल्या जीवांमधून मिळतं. पाळलेल्या माशाच्या खाद्यात ते मुद्दाम घालावं लागतं, नाहीतर मांस फिकट करडं राहतं. त्यामुळे गडद रंगाची तुकडी म्हणजे जास्त पौष्टिक तुकडी, हा हिशेब सोडून द्या.

मघाशी एका ताईंनी विचारलं, जवसात आणि अक्रोडात ओमेगा-३ असतंच की, मग मासा कशाला? असतं. पण ते एएलए, म्हणजे तुलनेने लहान साखळीचं. आपलं शरीर त्यापासून ईपीए आणि डीएचए बनवतं, पण फार थोडं. मासा न खाणाऱ्यांसाठी आता थेट शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, म्हणजे मधला मासा वगळून मुळाशीच जायचं. मला तो पर्याय अगदी प्रामाणिक वाटतो.

किती लागतं? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी ईपीए आणि डीएचए मिळून रोज २५० मिलिग्रॅम असा अंदाज दिला आहे. आठवड्याचे झाले पावणेदोन ग्रॅम. सॅमनच्या एक-दोन मध्यम तुकड्यांत ते भागतं. शिवाय ड जीवनसत्त्व. ते नैसर्गिकरीत्या ज्या थोड्या पदार्थांत भरपूर असतं, त्यांत सॅमन वरच्या ओळीत बसतो. ब-१२ तर १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेहून जास्त मिळतं. सेलेनियमही चांगलं असतं.

हृदयाबद्दल मात्र जरा जपून बोलतो, कारण इथे उत्साहाच्या भरात फार काही सांगितलं जातं. ही सगळी चर्चा सुरू झाली १९७० च्या दशकात. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांचं रक्त तपासलं आणि त्यांच्या आहारातल्या समुद्री चरबीकडे जगाचं लक्ष गेलं. पुढे १९८९ मध्ये वेल्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दोन हजारांवर पुरुषांपैकी ज्यांना तेलकट मासे खायला सांगितलं होतं, त्यांच्यात दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. केवढा मोठा आकडा! पण अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, असलेल्या पुरुषांवर नंतर झालेल्या तशाच चाचणीत तो फायदा दिसला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत जवळपास २६ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम ओमेगा-३ ची कॅप्सूल दिली. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू एकत्र धरले, तर ठोस घट दिसली नाही. मग काय समजायचं? मी असं समजतो: मासा हे औषध नाही, जेवण आहे. ताटात तो आला की बहुधा दुसरं काहीतरी ताटातून जातं, आणि त्या अदलाबदलीचा फायदा कॅप्सूलमध्ये भरता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनही आठवड्यातून दोनदा मासे, विशेषतः तेलकट मासे, खायला सांगते.

पाऱ्याची भीती बऱ्याच जणांना असते. सॅमनमध्ये पारा कमी असतो. पारा साठतो तो शार्क, स्वोर्डफिश अशा दीर्घकाळ जगणाऱ्या आणि मोठमोठ्या माशांवर ताव मारणाऱ्या शिकाऱ्यांत. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांसाठीसुद्धा सॅमन उत्तम पर्यायांच्या यादीत ठेवला आहे. पीसीबीसारख्या प्रदूषकांची गोष्ट वेगळी, ती चरबीत जाऊन बसतात. २००४ मध्ये पाळलेल्या सॅमनमध्ये ती जास्त आढळल्याचा शोधनिबंध आला आणि बरीच खळबळ उडाली. त्यानंतरच्या वर्षांत खाद्यातलं माशाचं तेल कमी होऊन वनस्पती तेल वाढलं. प्रदूषकं घटली, पण सोबत ओमेगा-३ सुद्धा घटलं. स्कॉटलंडमधल्या सॅमनच्या तपासणीत २००६ ते २०१५ या काळात ईपीए-डीएचए जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. तरीही बहुतेक माशांच्या मानाने ते भरपूरच आहे.

आता चुलीकडे वळू. मला स्वतःला हाच भाग जास्त आवडतो.

सॅमन कोरडा होतो तो मसाल्याने नाही, आचेने. त्याच्या मांसाचे थर अगदी पातळ, नाजूक पडद्यांनी जोडलेले असतात. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास ते पडदे विरघळायला लागतात आणि पापुद्रे सुटे होतात. ६० च्या पुढे प्रथिनं आवळत जातात, पाणी पिळून बाहेर काढतात. तुकडीवर जे पांढरं, दह्याच्या कवडीसारखं काही येतं ना, ती चरबी नव्हे. ते बाहेर आलेलं आणि गोठलेलं प्रथिन आहे. ते खूप आलं, तर आच जास्त झाली असं समजा. करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात, लिटरला साधारण ५० ग्रॅम मीठ घालून, तुकडी बुडवून ठेवली की हा प्रकार बराच कमी होतो.

तव्यावर करताना मी काय करतो ते सांगतो. आधी मांसावरून उलट्या दिशेने बोट फिरवतो. बारीक काटे टोचतात, ते चिमट्याने ओढून काढतो. मग कातडी कोरडी, अगदी खडखडीत कोरडी टिपून घेतो. ओल राहिली तर आधी वाफच होणार आणि कातडी चामड्यासारखी लिबलिबीत होणार. तवा तापला की थोडं तेल, आणि तुकडी कातडीकडून खाली. पहिले दहा-पंधरा सेकंद उलथन्याने दाबून धरायची, कारण कातडी आकसते आणि तुकडी कमानीसारखी उचलली जाते. मग आच मध्यम करायची आणि हात मागे घ्यायचा. कडेने बघत राहा. तळापासून रंग पालटत वर चढतो. ओलसर, अर्धपारदर्शक नारिंगी जाऊन फिकट गुलाबी येतो. तो पाऊण उंचीला पोचला की उलटा, एखादं मिनिट थांबा आणि उतरवा. उतरवल्यावरही आतली उष्णता काम करत असते. अमेरिकेतला सुरक्षेचा अधिकृत आकडा ६३ अंशांचा आहे. पुष्कळ आचारी ५०-५२ लाच थांबतात. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर अधिकृत आकडाच पाळावा.

आणि इथे तो तिपटीचा फरक भेटतो. चरबीदार तुकडी चूक पोटात घालते. दोन मिनिटं जास्त झाली तरी खाण्याजोगी राहते. सॉकआय (सॅमनचीच एक जात) किंवा पिंकसारखी कमी चरबीची तुकडी तीच चूक माफ करत नाही. तिला तव्यापेक्षा मंद उकळीखालचं पाणी किंवा वाफ बरी. नाहीतर ती सरळ रश्शात सोडावी. फिनलंडमध्ये बटाटा, लीक (कांद्याच्या जातीची भाजी), साय आणि शेपू घालून सॅमनचं सूप करतात. त्यात बटाटा शिजल्यावर आच बंद करायची आणि मगच माशाचे तुकडे टाकायचे. गरम रसात ते पाच मिनिटांत आपोआप होतात. खरपूस भाजायचं असेल तर मात्र चरबीदार मासाच घ्या.

भरपूर तेलात तळू नका, असं मी सांगतो. बंदी म्हणून नाही, पण तळताना माशात तळणीचं तेल शिरतं आणि ओमेगा-३ चं प्रमाण पातळ होतं. अमेरिकेतल्या वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत भाजलेले मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले, तळलेले खाणाऱ्यांत तसं दिसलं नाही.

कच्च्या सॅमनचं काय? सुशी म्हटलं की आज डोळ्यांसमोर नारिंगी तुकडाच येतो, पण जपानमध्ये पूर्वी सॅमन सुशीत वापरत नसत. प्रशांत महासागरातल्या सॅमनमध्ये अनिसाकिस नावाचे कृमी असतात, म्हणून तो खारवून भाजून खायचे. उत्तरेकडचे ऐनू लोक तो गोठवून कच्चा खात, आणि गोठवल्याने कृमी मरतात हे विज्ञानाने पुढे दाखवलंच. १९८० च्या दशकात नॉर्वेकडे पाळलेला सॅमन उदंड झाला होता. कोरड्या खाद्यावर वाढल्यामुळे त्यात कृमींचा धोका अगदी कमी. नॉर्वेने तो जपानी सुशीवाल्यांच्या गळी उतरवायला बरीच वर्षं खर्ची घातली. तरीही घरी कच्चा खायचा असेल तर कच्चा खाण्यासाठी म्हणून गोठवलेलाच घ्या. अमेरिकेचा नियम उणे २० अंशांना सात दिवसांचा आहे आणि घरचा फ्रीझर बहुधा तिथवर पोचत नाही. लिंबू पिळल्याने किंवा मीठ-साखर-शेपूत मुरवल्याने कृमी मरतीलच, याची खात्री नसते.

धुरी दिलेला सॅमन दोन तऱ्हांचा. गरम धुरीतला शिजलेला असतो. थंड धुरीतला ३० अंशांच्या आसपासच राहतो, म्हणजे कच्चाच. त्यात लिस्टेरिया हा जंतू असू शकतो, म्हणून गरोदरपणात तो टाळावा किंवा चांगला गरम करूनच खावा. मीठही दोन्हींत भरपूर असतं.

शेवटचा प्रश्न साठवणुकीचा आला आहे. ज्या चरबीमुळे हा मासा थंडीत लवचीक राहतो, तीच हवा लागली की लवकर खवट होते. त्यामुळे ताजी तुकडी फ्रिजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नका. फ्रीझरमध्ये हवा काढून घट्ट गुंडाळलेली दोन-तीन महिने चांगली राहते. त्यानंतर ती नासत नाही, पण चव जाते. वितळवताना रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. एवढी तजवीज जमणार नसेल तर डबाबंद सॅमन घ्या. त्यातले काटे शिजून इतके मऊ झालेले असतात की बोटांनी चुरडता येतात. ते काढू नका. त्यातलं बहुतेक कॅल्शियम त्या काट्यांतच असतं. बटाट्यात कालवून, कांदा-मिरची घालून त्याच्या टिक्क्या छान होतात. डब्यातलं पाणीही त्यातच घाला, मीठ मात्र चव बघूनच.