शत्रुपक्षाचा वस्ताद

नमस्कार, श्रोतेहो.

आज एक कबुली द्यायची आहे. पन्नास वर्षं पोटात ठेवली, आता पंच्याहत्तरी उलटल्यावर कुणाची भीती? मी रॅलेच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा. आमचा रंग लाल. आणि ज्या बास्केटबॉल कोचवर माझा सगळ्यात जास्त जीव होता, तो आमचा नव्हताच. तो होता शेजारच्या चॅपेल हिलच्या विद्यापीठाचा, फिकट निळ्यांचा डीन स्मिथ. कोल्हापूरकडच्या मंडळींना लगेच कळेल, गंगावेशीच्या पैलवानानं शाहूपुरीच्या वस्तादाच्या पाया पडावं, तसला हा प्रकार.

मी मूळचा इचलकरंजीचा. टेक्स्टाइलचं पुढचं शिक्षण घ्यायला १९७२ साली रॅलेला आलो. मागांचा खडखडाट सोडून आलो तो दुसऱ्याच गोंगाटात पडलो. रॅले, डरहॅम आणि चॅपेल हिल ही तीन गावं, म्हणजे आपल्या इचलकरंजी-कोल्हापूर एवढ्याच टापूतली. तिथं तीन मोठी विद्यापीठं आणि तिघांची बास्केटबॉलवरून भावकी. रॅलेला आम्ही, डरहॅमला ड्यूक, चॅपेल हिलला कॅरोलायना. ओळख झाल्यावर दुसराच प्रश्न यायचा, 'तू कुणाकडचा?'

आता तुम्ही म्हणाल, खेळाडू सोडून हा बाबा कोचबद्दल काय बोलतोय? त्याचं असं आहे, की कॉलेजचं पोरगं फार तर चार वर्षं खेळतं आणि जातं. आपण नाव पाठ करेस्तोवर त्याचा पदवीदान समारंभ होतो. कोच मात्र वीस-तीस वर्षं त्याच बाकावर. त्याचे केस आपल्या डोळ्यांदेखत पांढरे होतात, आपले त्याच्या डोळ्यांआड.

आमचे कोच होते नॉर्म स्लोन. मोठमोठ्या चौकटींचे, डोळे दिपवणारे कोट घालायचे. सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायला त्यांच्या पत्नीच उभ्या राहायच्या. घरचं कार्य असल्यासारखं. त्यांच्याकडे डेव्हिड थॉम्पसन नावाचं एक पोरगं होतं, ते उडी मारायचं म्हणजे हवेत उभंच राहायचं. त्या काळी कॉलेजच्या खेळात डंक मारायला बंदी होती. चेंडू वरून जाळीत कोंबायचा नाही. मग पाच फूट सात इंचाचा माँटी टो लांबून चेंडू बास्केटजवळ अलगद तरंगत सोडायचा आणि थॉम्पसन तो हवेतच झेलून हळूच आत ठेवून द्यायचा. मी पहिल्या वर्षी हे पाहिलं तेव्हा शेजारच्याला विचारलं, 'हे नियमात बसतं?' तो म्हणाला, 'बसतं, पण निसर्गाच्या बसत नाही.'

१९७३ला आम्ही २७ पैकी २७ सामने जिंकलो. पण थॉम्पसनला कॉलेजात आणताना नियम मोडले म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत खेळायची बंदी होती. सगळं जिंकून घरी बसायचं. १९७४ला ती कसर भरून काढली. त्या मार्चमधला पिट्सबर्गविरुद्धचा सामना आमच्याच रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये होता आणि एका मित्राच्या कृपेनं मी आत होतो. थॉम्पसन उडाला, आपल्याच एका खेळाडूच्या खांद्याला पाय अडकून डोक्यावर आपटला. बारा हजार माणसं आणि आवाज शून्य. मला वरच्या बाकावरून रेफरीच्या बुटांची करकर ऐकू आल्याचं आठवतं, आता ते खरं असो नाहीतर माझ्या म्हातारपणाची भर असो. त्याला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या अर्ध्यात तो डोक्याला पांढरी पट्टी बांधून दारातून चालत आत आला, आणि त्यानंतरचा सामना मी पाहिलाच नाही, कारण पुढचा माणूस खाली बसायला तयार नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाला दोन जादा डावांनंतर ८०-७७ असं हरवलं. म्हणजे जॉन वूडन यांच्या संघाला. सलग सात वर्षं विजेतेपद त्यांच्याकडे होतं. हे वूडन दर हंगामाच्या सुरुवातीला वीस वर्षांच्या घोड्यांना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. आमच्या मागवाल्यांना हे सांगावं लागत नाही, एक धागा तुटला की कापड तिथंच बिघडतं.

पण त्या वर्षातला माझ्या मनात राहिलेला कोच तिसराच, मेरीलंडचा लेफ्टी ड्रायसेल. राष्ट्रीय स्पर्धेआधी आमच्या परिषदेच्या, म्हणजे आमच्या भागातल्या विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात त्याचा संघ आमच्याकडून जादा डावात १०३-१०० असा हरला. तेव्हा परिषदेतून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जायचा, म्हणजे देशातल्या उत्तमातल्या उत्तम संघांपैकी एक घरी गेला. असं कुणाचं पुन्हा होऊ नये म्हणून पुढच्याच वर्षापासून नियम सैल झाला. तर त्या रात्री ड्रायसेल आमच्या मुलांच्या बसमध्ये चढला आणि त्यांचं अभिनंदन करून, शुभेच्छा देऊन उतरला. एवढंच. मी तेव्हा पंचविशीत होतो, मला तो वेडा वाटला होता.

आणि या सगळ्यात डीन स्मिथ कुठे? माझ्या पहिल्या दोन्ही हंगामांत कॅरोलायनानं आमच्याकडून सपाटून मार खाल्ला, त्यामुळे मला तो माणूस दिसलाही नाही. हरणाऱ्याकडे कोण बघतं? पुढे ते आम्हाला हरवायला लागले तेव्हा मी नीट पाहिलं, आणि आधी चिडलोच. त्यांची एक चाल होती, चार कोपऱ्यांची. आघाडी मिळाली की चार खेळाडू चार कोपऱ्यांत, पाचवा मधे चेंडू टपटपवत, आणि बास्केट करायचीच नाही. वेळ काढायचा. १९७९च्या फेब्रुवारीत ड्यूकविरुद्ध त्यांनी असाच चेंडू धरून ठेवला आणि मध्यंतराला गुण होते ड्यूक सात, कॅरोलायना शून्य. शून्य! लोक पैसे मोजून आले होते. पुढे १९८५-८६पासून कॉलेजच्या खेळात पंचेचाळीस सेकंदांचं घड्याळ आलं, त्यामागे असल्या खेळाची कटकट होतीच.

मग मला दिसलं बोट. कॅरोलायनाच्या मुलानं बास्केट केली की तो छाती फुगवून प्रेक्षकांकडे बघत नसे. ज्यानं पास दिला त्याच्याकडे बोट दाखवी. प्रत्येक वेळी. ही स्मिथ यांची शिस्त. दमलेल्या खेळाडूनं मूठ वर केली की त्याला लगेच बाहेर घ्यायचे, आणि मग 'मी तयार आहे' हे त्यानंच सांगायचं. दम लागला हे कबूल करायला तालमीत सुद्धा लाज वाटते. इथं ती कबुली चालीतच बसवली होती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नागरी हक्कांचा कायदा यायच्या आधी चॅपेल हिलच्या एका हॉटेलात काळ्या माणसांना जेवू देत नसत. स्मिथ आपल्या चर्चच्या पाद्र्यांना आणि एका काळ्या विद्यार्थ्याला घेऊन तिथं जाऊन बसले आणि जेवून आले. पुढे एका पत्रकारानं हे खणून काढलं तेव्हा ते नाराज झाले. योग्य ते केलं त्याचा अभिमान कसला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनीच १९६६मध्ये चार्ली स्कॉट या काळ्या खेळाडूला कॅरोलायनात आणलं. त्यानंतर सहाच वर्षांनी सावळ्या रंगाचा मी त्या राज्यात उतरलो आणि कुठल्याही हॉटेलात जाऊन कॉफी मागवली. दार आधी कुणीतरी उघडून ठेवलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाकीच्यांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर आमच्या घरात भांडण होईल. आमच्या हिचा आवडता जिम व्हॅल्व्हानो, आमच्याच स्टेटचा, स्लोननंतरचा. सतत बडबड, सतत विनोद. १९८३मध्ये दहा सामने हरलेला आमचा संघ अंतिम सामन्यात ह्यूस्टनसमोर उभा राहिला. त्यांच्याकडे ओलाजुवान, ड्रेक्सलर असे दिग्गज खेळाडू. गुण ५२-५२, शेवटचे सेकंद, आमच्या व्हिटनबर्गनं लांबून फेकलेला चेंडू बास्केटपर्यंत पोचलाच नाही, पण लोरेंझो चार्ल्सनं तो हवेत धरून आत घातला. व्हॅल्व्हानो मैदानभर पळत सुटला, मिठी मारायला कुणी सापडेना. कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या, पाचवीलाही कुणी उठलं नाही. दहा वर्षांनी, १९९३च्या एप्रिलमध्ये, कॅन्सरनं तो गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. ही त्या दिवशी जेवली नाही.

आणि ड्यूकचे शशेफ्स्की. आयुष्यभर माझ्या आडनावाचं खोबरं करणारे माझे अमेरिकन सहकारी १९८०मध्ये हे आडनाव वर्तमानपत्रात वाचून गप्प बसले, तो माझा आनंदाचा दिवस. पहिल्या तीन हंगामांत ३८ जिंकले, ४७ हरले. याला घालवा म्हणून ओरड झाली, ड्यूकनं ठेवून घेतलं, आणि त्यांनी पाच विजेतेपदं नि सगळ्या कारकिर्दीत मिळून बाराशेच्या वर सामने जिंकले. मोठा माणूस. मला कधी आवडला नाही. कारण विचारू नका, भावकीत कारण लागत नाही.

आता रेडिओवर बोलतोय तर रेडिओचं सांगतो. मी बाळ ज. पंडितांची मराठी क्रिकेट कॉमेंट्री ऐकत वाढलेला. इकडे कॅरोलायनाचे सामने वुडी डरहॅम सांगायचे, १९७१पासून चाळीस वर्षं. लोक टीव्हीचा आवाज बंद करून चित्र टीव्हीवर बघायचे आणि कान रेडिओला लावायचे. मीही लावायचो, दार बंद करून, म्हणजे आमच्या स्टेटवाल्यांना कळू नये. १९८२च्या अंतिम सामन्यात जॉर्जटाउनविरुद्ध मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं जिंकून देणारी बास्केट केली. स्मिथ यांचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. बंद दाराआड मी टाळी वाजवली. हीच ती कबुली.

स्मिथ १९९७मध्ये ८७९ विजयांसह निवृत्त झाले. तोवर एवढे कुणाचेच नव्हते. पण लोक त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल बोलायचे. वीस वर्षांपूर्वी भेटलेल्या खेळाडूच्या आईचं नाव, भावंडांची नावं, सगळं तोंडपाठ. २०१०च्या उन्हाळ्यात घरच्यांनी पत्र काढून सांगितलं, की त्यांची स्मृती जात चालली आहे. पुढे वुडी डरहॅमनाही असा आजार झाला, ज्यात माणसाचे शब्दच हरवतात. ही बातमी मी पेपरात दोनदा वाचली आणि पेपर उलटा घालून ठेवला. मी स्वतः चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, ही हसते, मीही हसतो. पण १०३-१०० अजून जागेवर आहे का, ते मनात तपासून घेतो.

स्मिथ २०१५च्या फेब्रुवारीत गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या जुन्या खेळाडूंच्या घरी पाकिटं आली. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं, की आपल्याकडे खेळलेल्या प्रत्येकाला दोनशे डॉलर द्यावेत, बाहेर जेवायला जाण्यासाठी. सुमारे १८० माणसं. जॉर्डनलाही दोनशे, आणि ज्याला कुणी ओळखत नाही त्यालाही दोनशेच.

मी हे हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'तुम्हाला नाही आला चेक? इतकी वर्षं टाळ्या वाजवल्यात.'

त्या शनिवारी आम्ही दोघं चॅपेल हिलला जेवायला गेलो. बिल मीच दिलं. अंगात स्टेटचा लाल स्वेटर होता, सवयीनं घातला गेला. वाढायला आलेल्या मुलीनं स्वेटरकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि विचारलं, वाट चुकलात का?