अर्ज केला होतास का?

मंडळी, मागच्या रविवारी जेवताना मी घरी म्हणाले, "ऑफिसातली ती वरची जागा दुसरीला मिळाली. नशीब लागतं त्याला." माझी दहा वर्षांची लेक वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आई, तू अर्ज केला होतास का?"

केला नव्हता. आठ दिवस झाले, तिचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

आपल्या मंडळातले बरेचजण जालना, बीड, परभणीकडचे. जून उजाडला की आभाळाकडे बघायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलो. दुष्काळी कामांवर वाटायचे ती सुकडी न खाताही तिची चव ठाऊक आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, ते फोटो बघून इथं किती जणांना घास गेला नव्हता! नशिबाला बोल लावायला आपल्याकडे कारणं आहेत.

पण त्याच जालना जिल्ह्यात कडवंची आहे. तिथं काही वेगळा पाऊस पडत नाही. नव्वदच्या दशकात शेतीतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली गाव कामाला लागलं. माथ्यापासून खालपर्यंत चर खांदले, बांध घातले, नाले अडवले. पुढं शेततळी झाली आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. द्राक्षं, जालन्यात! आमच्या गावचे लोक बघून आले आणि पारावर बसून म्हणाले, "नशीब काढलं त्यांनी."

इथंही तेच चाललंय. मुलांच्या मराठी शाळेला जागा मिळत नाही म्हणून आपण दोन वर्षं हळहळतोय. मंगळवारी मी वाचनालयात जाऊन जागेसाठी विचारलं. एका पानाचा फॉर्म आहे. आपल्या मंडळाकडून तो एकदाही गेलेला नाही. मीही कार्यकारिणीत आहे, म्हणून हक्कानं बोलते. फॉर्म भरून आणलाय. चहाच्या आधी अध्यक्ष आणि सचिवांनी सही करावी.

एक गोष्ट मात्र लेकीला अजून सांगितलेली नाही. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीन विहिरी खांदल्या. "खांदल्याबिगर कळंल कसं?" म्हणायचे. दोन कोरड्या गेल्या, दोन्ही कर्ज काढून खांदलेल्या. दुसरीनंतर आईनं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. तिचं चुकलं, असं मला आजही म्हणवत नाही.